आधी तिचे ताट वाढावे : गरोदरपणातील आहार घरच्याच स्वयंपाकातून

घरात गोड बातमी कळली की पहिला सल्ला मिळतो तो ‘आता दोन जिवांची झालीस, दोघांचे खा’ हा. सल्ला मायेचा असला तरी त्यातला हिशेब चुकलेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार गरोदर स्त्रीला नेहमीपेक्षा दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, आणि त्यांची खरी निकड चौथ्या महिन्यापासून भासते. ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि वाटीभर दही एवढ्यात ही वाढीव गरज भागते. मात्र त्याच संस्थेच्या हिशेबाप्रमाणे पालेभाज्या आणि कडधान्यांतून मिळणाऱ्या फोलेट या जीवनसत्त्वाची गरज २२० मायक्रोग्रॅमवरून ५७० वर जाते, म्हणजे अडीचपटीहून अधिक होते. जेवणाचे प्रमाण थोडेसेच वाढते, पण त्या जेवणात काय असावे हे पुष्कळ बदलते, आणि पुढे जे काही सांगायचे आहे ते या फरकाला धरूनच आहे.

ताटात काय वाढावे हे सांगण्यापूर्वी ताट कधी वाढले जाते याचा विचार करणे भाग आहे, कारण आपल्याकडच्या अनेक घरांत खरी गफलत तिथेच होते. मेथीच्या दोन जुड्या निवडल्या तर परातभर पाला दिसतो. तोच कढईत आळला की जेमतेम चार-पाच वाट्या भाजी उरते. मुले नाके मुरडतात, पण पुरुषमंडळी दोनदा मागून घेतात, सासूबाई थोडी घेतात, आणि सगळ्यांचे झाल्यावर गरोदर सून जेवायला बसते तेव्हा कढईच्या कडेला चिकटलेली भाजी, डाळ खाली बसल्यामुळे वर राहिलेले वरणाचे पाणी आणि पुरेशा भाकऱ्या एवढेच तिच्या वाट्याला येते. तिचे पोट भरते, म्हणून कोणालाच काही उणे वाटत नाही. उपाय अगदी साधा आहे : भाजी गॅसवरून उतरवली की तिची वाटी आधी बाजूला काढून झाकून ठेवावी, वरण तळापासून ढवळून वाढावे, आणि शक्य असेल त्या घरात तिला पहिल्या पंगतीला बसवावे. ओटीभरणाच्या दिवशी तिला चौरंगावर बसवून पाच पक्वान्ने वाढणाऱ्या घराला उरलेले नऊ महिने हे अवघड जाऊ नये.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय दाखवले

पालेभाजीवर एवढा भर देण्याला आधार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गरोदरपणातील आहार आणि त्यांच्या बाळांची वाढ यांचा अभ्यास सुरू केला. या शेतकरी घरांतील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते. आईने एकूण किती कॅलरी किंवा किती प्रथिने खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. पण ज्या स्त्रियांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर होते, त्यांची बाळे अधिक चांगली भरलेली होती. भाकरीची चळत वाढवून जे साधले नाही, ते जुडीभर भाजीशी आणि पेलाभर दुधाशी जोडलेले आढळले.

याच अभ्यासातील दुसरी गोष्ट शाकाहारी घरांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. अनेक स्त्रियांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते, आणि ज्यांचे ब-१२ कमी पण फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढच्या मधुमेहाची बीजे, अधिक आढळली. ब-१२ धान्यात, डाळीत किंवा भाजीत नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. त्यामुळे अंडीही न खाणाऱ्या स्त्रीने दिवसाकाठी दोन पेले दूध आणि वाटीभर दही चुकवू नये, आणि पहिल्या तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना ‘ब-१२ तपासावे का’ असे स्पष्ट विचारावे. चहातले दूध या हिशेबात धरू नये. ते रंगापुरते असते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधील स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगात पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून रोज देण्यात आला. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण हा खाऊ मिळालेल्या स्त्रियांत ७.३ टक्के, तर न मिळालेल्यांत १२.४ टक्के निघाले. बाळाच्या वजनात थोडा फरक पडला तो गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्यांमध्ये. याचा व्यवहारातला अर्थ असा की मूल हवे असे ठरले की त्याच महिन्यापासून आहार सुधारावा आणि फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी, कारण बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया ज्या पहिल्या चार आठवड्यांत घातला जातो, तेव्हा पाळी चुकल्याचेही पुष्कळदा ध्यानात आलेले नसते.

रोजचे ताट

धान्यासाठी बाहेरून काही आणण्याची गरज नाही. ज्वारी, बाजरी आणि नाचणी आलटून-पालटून वापरावीत, कारण प्रत्येकीचा गुण वेगळा आहे : नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर बाजरीच्या तेवढ्याच पिठात सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. दुपारी दोन भाकऱ्या आणि रात्री भाकरी किंवा पोळीबरोबर थोडा भात एवढे बहुतेक स्त्रियांना पुरते. त्याहून महत्त्वाचे ते भाकरीबरोबर काय आहे. दर जेवणात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ असावी. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दिवसाला सुमारे साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात. पहिली गरज एक पेला दूध आणि मूठभर फुटाणे यांत भागते. दुसरीसाठी त्यात दोन अंड्यांची, किंवा एक वाटी उसळ आणि थोड्या पनीरची भर घालावी लागते.

कडधान्यांना मोड आणणे ही आपल्या स्वयंपाकघरातील फार शहाणपणाची रीत आहे. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवली की लोह अडवून धरणारे फायटेट काही प्रमाणात कमी होते, आणि इडली, आंबोळी किंवा ढोकळ्याचे पीठ आंबवल्यानेही तेच घडते. मात्र मोड आलेली कडधान्ये गरोदरपणात कच्ची खाऊ नयेत. उबदार ओलाव्यात मोडांइतकेच जंतूही वाढतात, म्हणून ती नीट शिजवूनच घ्यावीत.

पालेभाजी रोज एक वाटी असावी : मेथी, शेपू, राजगिरा, माठ, अंबाडी, आणि कोकणात-देशावर दारातच मिळणारा शेवग्याचा पाला, ज्यात कॅल्शियम भरपूर असूनही जो आपण बहुतेक वेळा शेळीला घालतो. भाजी आधी भरपूर पाण्यात दोन-तीन वेळा धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मोरीत जातात. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली तर कढईचे थोडे लोहही तिच्यात उतरते. भाजीचा रंग किंचित काळपट होतो, त्याला घाबरू नये. जेवताना लिंबाची फोड पिळावी किंवा जेवणानंतर आवळा किंवा पेरू खावा, कारण वनस्पतींतील लोह शरीरात फार कमी शोषले जाते आणि क जीवनसत्त्व सोबत असले की ते शोषण वाढते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो, म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. एवढा एक बदल केला तरी तेच ताट अधिक उपयोगी पडते.

तीळ, कारळे, जवस आणि शेंगदाणे यांच्या चटण्या तोंडी लावणे म्हणून चमचाभर वाढल्या जातात. गरोदर स्त्रीच्या ताटात त्या दोन चमचे असाव्यात. मीठ आयोडीनयुक्तच वापरावे आणि त्याचा डबा झाकून ठेवावा.

लाल गोळी आणि घड्याळ

आहार कितीही सुधारला तरी गोळ्यांची गरज संपत नाही, हे निक्षून सांगावे लागते. बाजरीच्या दोन भाकऱ्यांतून सहाएक मिलिग्रॅम लोह मिळते आणि गरोदर स्त्रीला अन्नातून दिवसाला २७ मिलिग्रॅम लोह मिळावे अशी शिफारस आहे. शिवाय बहुतेक जणी गरोदर राहतात तेव्हाच त्यांचा साठा रिता असतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. या अवस्थेत हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असले की तो रक्तक्षय धरतात. म्हणून चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असलेली लाल गोळी किमान १८० दिवस रोज घ्यायची असते, आणि त्याच सुमारास कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्याही सुरू होतात. जंताची एक गोळीही दुसऱ्या तिमाहीत दिली जाते. ती ‘गरोदरपणात कशाला’ म्हणून टाकून देऊ नये.

अडचण अशी की कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. सगळ्या गोळ्या विसरू नयेत म्हणून सकाळी एकदम गिळणाऱ्या कित्येक जणी आहेत, आणि मग महिनोन्महिने गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही याचे कोडे पडते. त्यासाठी दिवस असा बांधावा : सकाळी नऊच्या न्याहारीबरोबर कॅल्शियमची पहिली गोळी, दुपारी एकला जेवण, तीनच्या सुमारास लिंबूपाण्याबरोबर लाल गोळी, चारचा चहा साडेचारनंतर, रात्री आठच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी गोळी. लाल गोळी दुधाबरोबर कधीही घेऊ नये. तिने शौचाला काळे होते, काहींना मळमळते किंवा बद्धकोष्ठ होतो. काळा रंग निरुपद्रवी आहे. मळमळ होत असेल तर गोळी झोपताना घेऊन पाहावी, आणि तरीही सोसत नसेल तर ती परस्पर बंद न करता आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी. बद्धकोष्ठासाठी पाणी वाढवावे, सकाळी भिजवलेले अंजीर किंवा काळ्या मनुका घ्याव्यात, आणि भाकरीचे पीठ चाळून कोंडा टाकू नये.

पहिले तीन महिने

वरचे सगळे वाचून पहिल्या तिमाहीतील स्त्रीला हसू येईल किंवा रडू, कारण फोडणीचा वास आला तरी जिचे पोट ढवळून येते, तिला मेथी आणि मटकी कोण खाऊ घालणार? या काळात आग्रह करू नये. उठल्या उठल्या, पाय खाली ठेवण्यापूर्वी, ज्वारीच्या लाह्या, कुरमुरे किंवा राजगिऱ्याचा लाडू असे कोरडे काहीतरी चावून खावे आणि मग दहा-पंधरा मिनिटांनी उठावे. पोट पूर्ण रिकामे राहिले की मळमळ वाढते, म्हणून दर दोन तासांनी मूठभर खावे. जेवताना भरपूर पाणी पिण्याऐवजी मधल्या वेळेत घोटघोट प्यावे. आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळल्याने अनेकींना आराम पडतो. गरम अन्नाला वास जास्त येतो, त्यामुळे दहीभात, थालीपीठ, ताक असे थंड किंवा कोमट पदार्थ सहज जातात. डोहाळे लागून चिंच-आवळा मागितला तर द्यावा. माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर मात्र ते डोहाळे म्हणून कौतुकाने सोडून न देता रक्त तपासावे, कारण लोहाच्या कमतरतेत अशी ओढ लागते. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल किंवा वजन उतरू लागले असेल, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपवास

संकष्टी, एकादशी, हरतालिका, नवरात्र यांपैकी काही ना काही या नऊ महिन्यांत येतेच. निर्जळी उपवास कोणत्याही महिन्यात करू नये. व्रत करायचेच असेल तर साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढणे टाळावे, कारण साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळपास काही नसते. जे काही सत्त्व त्या ताटलीत असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे असते. राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, रताळे, दूध, ताक आणि फळे असा उपवास पुष्कळ बरा, आणि त्या दिवशीही गोळ्या घ्याव्यात. ज्यांना गरोदरपणात मधुमेह निघाला आहे त्यांनी उपवास करूच नये.

काय टाळावे, आणि काय उगाच टाळले जाते

कच्ची किंवा अर्धी पिकलेली पपई टाळण्यात अर्थ आहे, कारण तिच्या चिकात पपेन हे द्रव्य असते आणि तो चीक गर्भाशयाला आकुंचन आणू शकतो. पूर्ण पिकलेल्या पपईच्या चार फोडी खाल्ल्याने गर्भ पडतो ही समजूत निराधार आहे. तरीही मनात भीती असेल तर पेरू खावा, पपईवाचून काही अडत नाही. केशराने बाळ गोरे होत नाही. शेवटच्या महिन्यात वाटीभर तूप प्यायल्याने बाळंतपण सुलभ होत नाही, कारण तूप पोटात जाते, गर्भाशयाच्या वाटेवर नाही. ‘बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल’ म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत सुनेचे जेवण कमी करण्याची रीत मात्र या सगळ्यांहून घातक आहे, कारण बाळाचे वजन मुख्यतः त्याच काळात वाढते.

मासे खाणाऱ्या कोकण-गोव्यातील घरांनी बांगडा आणि तारली खुशाल खावी. त्यांतील ओमेगा-३ बाळाच्या मेंदूला उपयोगी आहे. मोरीसारख्या मोठ्या भक्षक माशांत पारा साठतो, म्हणून मोरी टाळावी आणि सुरमई क्वचितच घ्यावी. काळजात अ जीवनसत्त्व अतोनात असते, त्यामुळे रक्त वाढावे म्हणून काळीज वारंवार खाऊ घालू नये. निरसे दूध, अर्धेकच्चे अंडे आणि उघड्यावर कापून ठेवलेली फळे वर्ज्य करावीत. कॉफीतील कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, म्हणजे चहा-कॉफी मिळून दोन कपांवर जाऊ नये. दारू अजिबात नको.

एक गोष्ट घरातही कोणी बोलत नाही, ती म्हणजे मिशरी. दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून चार-पाच वेळा मिशरी लावणाऱ्या स्त्रिया आपण तंबाखू खातो असे मानत नाहीत, पण भाजलेली तंबाखूही तंबाखूच असते. तिने बाळ कमी वजनाचे आणि अपुऱ्या दिवसांचे होण्याचा धोका वाढतो. तपासणीच्या वेळी हे लपवू नये.

वजन आणि साखर

मध्यम बांध्याच्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढावे असे आपल्याकडे धरतात. मुळात कृश असलेल्या स्त्रीचे याहून जास्त आणि स्थूल स्त्रीचे कमी वाढणे योग्य असते. एकाच आठवड्यात किलो-दीड किलो वजन वाढले आणि चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर ते अन्नाचे वजन नसून रक्तदाबाची खूण असू शकते. साखरेची तपासणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात, आणि आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातील मधुमेह मानतात. पहिली चाचणी ठीक आली तरी ती २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करावी. निदान झाल्यावर घाबरून भाकरी सोडू नये. तेवढेच अन्न तीन जेवणे आणि दोन-तीन मधल्या खाण्यांत वाटावे, फळांचा रस न पिता फळ चावून खावे, आणि डोहाळजेवणाच्या फेऱ्यांतील पेढे-जिलेबी घरातल्या इतरांच्या स्वाधीन करावीत.

हक्काचे जे आहे ते घ्यावे

गरोदरपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांतच करावी. अंगणवाडीतून मिळणारा शिधा गरोदर स्त्रीसाठी असतो, तो सगळ्या घराच्या डब्यात मिसळून जाऊ देऊ नये. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण मिळते, आणि ते तिने अंगणवाडीत बसूनच खाल्लेले बरे, कारण घरी नेलेल्या डब्याचे काय होते ते वर सांगितलेच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. हिमोग्लोबिनचा आकडा त्या दिवशी कार्डावर लिहून घ्यावा आणि मागच्या आकड्याशी ताडून पाहावा.

बाळंतपण झाले की डिंकाचे आणि अळिवाचे लाडू येतात, आणि लाल गोळ्यांचे पाकीट फळीवर मागे सरकते. लाडू अवश्य खावेत. पण लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत चालू ठेवायच्या असतात, आणि तोवर त्या घड्याळातही काही बदल करायचा नसतो.